डब्यातल्या गोळ्या कमी का भरतात?

गेल्या वर्षी श्रावणात ७७ वर्षांच्या एक आजी रक्तदाब तपासून घेण्यासाठी दवाखान्यात आल्या. सोबत सून होती. तपासणी झाल्यावर त्यांनी काहीतरी निमित्त काढून सुनेला बाहेर पाठवले, खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली आणि हलक्या आवाजात विचारले, "डॉक्टर, खरं सांगा. मला भ्रम व्हायला लागलाय का?"

विचारण्याचे कारण असे होते. रात्री घ्यावयाच्या झोपेच्या गोळ्या महिना भरत नव्हत्या. पंधरा गोळ्यांची एक पट्टी, रोज एक गोळी. दोन पट्ट्यांत महिना निघावयास हवा. पण विसाव्या-एकविसाव्या दिवशीच डबा रिकामा होत असे. मुलाचे म्हणणे, आई गोळी घेते, विसरते आणि पुन्हा घेते. सुनेचेही तेच मत पडले. घरात कोणी वाईट हेतूने बोलत नव्हते, परंतु आजींच्या हातून एकेक गोष्ट काढून घेतली जाऊ लागली होती. आधी देवघरातील काडेपेटी गेली, मग गॅस, मग बँकेचे पासबुक. आजींना गोळ्यांपेक्षा पासबुकाचे दुःख अधिक होते, आणि ते मला अगदी स्वाभाविक वाटले.

मी त्यांना तीन शब्द लक्षात ठेवण्यास सांगितले: तुळस, चावी, रुपया. मधल्या वेळात वार, तिथी, महिना विचारला. शंभरातून सात-सात वजा करावयास लावले. कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवावयास सांगितले. घड्याळ नीट आले, वजाबाकी माझ्यापेक्षा जलद झाली, तिथी तर त्यांनी नक्षत्रासह सांगितली आणि पाच मिनिटांनी तिन्ही शब्द परत आले. एवढ्या चाचणीने सर्व काही ठरत नाही. तरीही स्मृतिभ्रंशाकडे बोट दाखवावे असे त्यांच्यात काही आढळले नाही. मग गोळ्या कुठे जात होत्या, हा प्रश्न मला त्याच क्षणी पडावयास हवा होता. तो पडला नाही. बाहेर वीस रुग्ण थांबले होते. "वयानुसार थोडं होतं असं," असे म्हणून मी पुन्हा तीच गोळी लिहून दिली.

ही हकिकत मी त्या कुटुंबाच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. तालुक्याच्या गावात २७ वर्षे दवाखाना चालवणारा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. तरुणांतील व्यसनाविषयी लिहिण्यास माझ्यापेक्षा अधिकारी माणसे आहेत. परंतु ज्या घरात एका टोकाला वयोवृद्ध आणि दुसऱ्या टोकाला विशी-पंचविशीतील मूल आहे, त्या घराचा उंबरठा तज्ज्ञाच्या आधी माझ्यासारखाच ओलांडतो. आणि अशा घरातील नशेचा पदार्थ पुष्कळदा कोपऱ्यावरच्या अंधारातून येत नाही. तो आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्यातच असतो.

उलगडा झाला तो औषध दुकानदाराकडून. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, वेदनाशामक ट्रॅमाडॉल, खोकल्याच्या औषधातील कोडीन ही सर्व औषधे 'एच-१' नावाच्या परिशिष्टात येतात. मार्च २०१४ पासून हा नियम लागू आहे. त्यांच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. विक्री करताना दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहावी आणि ती वही तीन वर्षे जपावी, असे बंधन आहे. आमच्या दुकानदाराची वही तपासणीपूर्वी चाळली जात असताना एकाच महिन्यात आजींच्या नावावर चार नोंदी निघाल्या. चिठ्ठी माझीच, पण जुनी. मोबाइलमधील तिचे छायाचित्र दाखवून नातू गोळ्या घेऊन गेला होता. ओळखीचे घर म्हणून दुकानदाराने दिल्या. त्याने चूक केली हे खरे. पण नोंदी खऱ्या ठेवल्या आणि मला फोन केला, हेही खरे.

नातू २१ वर्षांचा. पुण्यात अभियांत्रिकीला होता; तिसऱ्या वर्षाचे काही विषय राहिल्याने सहा महिने घरी आलेला. अबोल, सभ्य, वाकून नमस्कार करणारा मुलगा. मी त्याच्या वडिलांना फोन करून सर्व सांगितले. सर्व म्हणताना एक वाक्य सांगावयाचे राहिले, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे होते. त्याच संध्याकाळी वडिलांनी मुलाची खोली उलथीपालथी केली, सापडल्या तेवढ्या पट्ट्या आणि आईचा डबा एकत्र केला आणि सगळे घरामागच्या ओढ्यात फेकून दिले.

तिसऱ्या रात्री अडीच वाजता मला बोलावणे आले. मुलाला काही झाले असणार असे मनाशी धरून मी गेलो. मुलगा दारातच उभा होता. झाले होते ते आजींना. घामाने अंग भिजलेले, हात थरथरत होते, नाडी १२०च्या पुढे. भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली आहे म्हणून त्या ती पदराने झटकीत होत्या. मुलाला त्यांनी ओळखले नाही. मला तीस वर्षांपूर्वी वारलेल्या दिराच्या नावाने हाक मारली. सून रडत म्हणाली, "म्हणजे भ्रमच झालाय ना हो हा?"

तेव्हा नातू माझ्या जवळ आला आणि कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, "डॉक्टरकाका, आजीची गोळी एकदम बंद झाली म्हणून होतंय हे. मला माहितीये. मलाही असंच होतं." मग तो आत गेला आणि बुटात दडवलेली पट्टी आणून त्याने माझ्या हातावर ठेवली. वडिलांच्या झडतीतून वाचलेली ती शेवटची पट्टी होती. त्या रात्री ती त्याला स्वतःसाठी किती हवी होती, हे मला नंतर समजले.

निदान त्याने केले होते. मी फक्त दुजोरा दिला.

आजींना जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात हलवले. तेथे रक्तातील सोडियम, मूत्रमार्गाचा संसर्ग, डोक्याला मार अशी इतर कारणे तपासून वगळण्यात आली. कारण म्हाताऱ्या माणसाचा अचानक झालेला भ्रम कशानेही होऊ शकतो आणि पहिल्या सापडलेल्या कारणावर थांबणे धोक्याचे असते. बंद झालेले औषध मोजक्या मात्रेत पुन्हा सुरू केल्यावर दोन दिवसांत आजी ताळ्यावर आल्या. शुद्धीवर येताच त्यांनी पहिला प्रश्न पासबुकाचा केला.

या गोळ्यांचे काम समजून घेतल्याखेरीज त्या रात्री काय झाले ते उमगणार नाही. आपल्या मेंदूत चेतना वाढवणारी रसायने असतात, तशीच ती आवरणारीही असतात. आवरणाऱ्यांपैकी प्रमुख म्हणजे 'गाबा'. त्याला बैलगाडीचा खटका समजा. उतारावर तो चाक धरून ठेवतो. अल्प्राझोलमच्या जातीची औषधे या खटक्याला जोर देतात. मन शांत होते, स्नायू सैलावतात, झोप लागते. पण औषध रोज येऊ लागले की मेंदू स्वतःचा खटका ढिला करतो. बाहेरून जोर मिळतोच आहे, मग आपण कशाला, असा काहीसा त्याचा हिशेब असतो. काही आठवड्यांतच तीच गोळी अपुरी वाटू लागते. अर्धीची एक होते, एकीची दोन. आणि मग एके दिवशी बाहेरचा जोर एकाएकी काढून घेतला, तर गाडी उतारावर मोकळी सुटते. थरथर, घाम, धडधड, झोपेचे पूर्ण खोबरे, भास, आणि काही जणांना अपस्मारासारखे झटके. क्वचित यात प्राणही जातो. दारू रोज पिणाऱ्याने ती एका दिवसात सोडली तर जे होते, त्याच कुळातील हा प्रकार आहे.

म्हणजे राहिलेले वाक्य हे होते: गोळ्या एकदम बंद करू नका. वडिलांना त्यांचा राग आवरता आला नाही हे मी समजू शकतो. माझ्या विसरण्याला तशी सबब नाही.

येथे दोन शब्द वेगळे ठेवणे आवश्यक आहे, कारण घराघरांत ते एक होतात आणि त्यातून अन्याय होतो. शरीराला औषधाची सवय लागणे, ते थांबले की त्रास होणे, याला अवलंबित्व म्हणतात. ते आजींना होते. त्या कधी चोरून गोळी घेत नव्हत्या, तिच्यासाठी खोटे बोलत नव्हत्या. सहा वर्षांपूर्वी आजोबा गेले तेव्हा झोप लागेना, म्हणून मी पंधरा दिवसांसाठी गोळी लिहिली होती. पंधरा दिवसांची सहा वर्षे झाली, ती माझ्या चिठ्ठीवर. व्यसन ही त्यापुढची पायरी. त्यात ओढ असते. नुकसान दिसत असूनही थांबता न येणे असते. दिवसाची सगळी आखणी त्या पदार्थाभोवती फिरू लागते. तो मुलगा तेथे पोहोचला होता. पण दोघांच्या डब्यात गोळी एकच होती, आणि ती बंद झाल्यावर दोघांच्या मेंदूची कासाविशीही एकच होती. एकाला 'गर्दुल्ला' म्हणावयाचे आणि दुसरीला 'वय झाले' म्हणावयाचे, हे त्या घराने केले. गर्दुल्ला हा शब्द मला मुळातच आवडत नाही. गर्द म्हणजे ब्राउन शुगर. ती ओढणाऱ्यांवरून तो १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात रूढ झाला, आणि आजारी माणसाचे नाव, शिक्षण, घर सगळे पुसून टाकण्याची विलक्षण ताकद त्यात आहे.

त्या मुलाची सुरुवात कशी झाली? परीक्षेच्या आदल्या रात्री झोप येत नव्हती. खोलीतील मित्राने एक गोळी दिली. झोप लागली, पेपर बरा गेला. मौजेसाठी त्याने काहीच घेतले नव्हते, हे तो आजही आग्रहाने सांगतो, आणि माझा त्यावर विश्वास आहे. पुढच्या परीक्षेला गोळी आधीपासून सुरू झाली. मग परीक्षा नसतानाही. वसतिगृहात कोणी शिकवले की खोकल्याच्या औषधाबरोबर घेतली तर 'हलके' वाटते. घरी आला तेव्हा दिवसाला आठ-दहा गोळ्या लागत होत्या. आजीच्या डब्यातून त्याने पहिल्यांदा दोन गोळ्या काढल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी परत ठेवण्याचा निश्चय केला होता. घरचे आजीला विसराळू म्हणू लागले हे तो जेवणाच्या ताटावर बसून ऐकत होता. "तेव्हा सांगायला हवं होतं," तो मला म्हणाला, "पण सांगितलं असतं तर डबा बंद झाला असता." व्यसनातील वर्तनाचे याहून नेमके वर्णन मी पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही. माणसाची सद्सद्विवेकबुद्धी मेलेली नसते. ती सगळे पाहत असते आणि तिचे काही चालत नाही.

खोकल्याच्या औषधाचा उल्लेख आला, तेव्हा थोडे थांबून सांगतो, कारण जिवाला धोका येथे सर्वांत जास्त आहे. कोडीन हे अफूच्या कुळातील. यकृतात त्याचा काही भाग मॉर्फिनमध्ये बदलतो. ट्रॅमाडॉलचे कामही बरेचसे तसेच, आणि जास्त मात्रेत त्याने झटकेही येतात. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे, तरी गुडघेदुखीसाठी लिहिलेल्या पट्ट्या पुष्कळ घरांत पडून असतात. अफूच्या कुळातील औषध, झोपेची गोळी आणि दारू यांपैकी कोणतेही दोन एकत्र आले की मेंदूतील श्वासाचे केंद्र मंदावते. रात्री मुलाच्या खोलीतून नेहमीपेक्षा वेगळे, घशात पाणी अडकल्यासारखे घोरणे ऐकू आले, हाक मारून आणि हलवूनही तो जागा होत नसेल, ओठ निळसर वाटले, तर 'झोपू दे' म्हणून दार लोटून घेऊ नका. त्याला कुशीवर वळवा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि त्याने काय घेतले असावे ते आलेल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रिकामी वेष्टने सोबत द्या. त्या घटकेला इभ्रतीचा विचार परवडत नाही.

आता मोठ्यांचे लक्ष कोठे असावे? तरुण मूल उशिरा उठते, दार लावून बसते, तोडून बोलते, एवढ्यावरून संशय घेऊ नये. तसे असते तर आपण सर्वच कधी ना कधी व्यसनी ठरलो असतो. जोखावयाचे असते ते बदलाला. बोलणे जड आणि अडखळते होणे, दारू न पिता चाल लटपटणे, भरदिवसा जेवताना डुलकी लागणे हे गुंगीच्या गोळ्यांचे. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे आणि हट्टी बद्धकोष्ठ हे अफूच्या कुळातील औषधांचे. ते मिळाले नाही की उलट नाक-डोळे वाहणे, सारख्या जांभया, अंगावर काटा, जुलाब. याखेरीज घरातील लहानसहान गोष्टी: खोकला नसताना औषधाच्या बाटल्या, पैशांची न पटणारी कारणे, जुन्या मित्रांचे एकदम नाहीसे होणे, घड्याळ किंवा अंगठी 'दुरुस्तीला' जाणे. एखादे लक्षण कशाचेही असू शकते. तीन-चार एकत्र येऊन महिनाभर टिकली तर विचारावे.

आणि विचारावे कसे, हे वयोवृद्धांनीच जास्त जाणावे असे मला वाटते. आईवडील रागावलेले असतात, घाबरलेले असतात, एकमेकांवर ठपका ठेवण्यात गुंतलेले असतात. आजी-आजोबांपाशी वेळ असतो आणि मुलाला त्यांची भीती नसते. "तू नशा करतोस का?" या प्रश्नाला "नाही" हेच उत्तर येते. "माझ्या डब्यातल्या सहा गोळ्या कमी आहेत. मी रागावणार नाहीये, पण मला तुझी काळजी वाटते. झोप येत नाही का तुला?" याला निदान अर्धे तरी उत्तर मिळते. विचारण्याची वेळ तो गुंगीत नसतानाची, सकाळची असावी. एकदा विचारून उत्तर आले नाही तर चार दिवसांनी पुन्हा विचारावे.

याच प्रेमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, ती कटू असली तरी. आमच्या आजी नातवाला दर आठवड्याला पाचशे रुपये देत होत्या, 'पुस्तकांसाठी', मुलाला न सांगता. पुस्तके कधी दिसली नाहीत हे त्यांना कळत होते. निवृत्तिवेतनाच्या पैशांतून, पदराच्या गाठीतून चालणारा हा गुप्त पुरवठा मी अनेक घरांत पाहिला आहे. ज्येष्ठांना वाटते की आपण मुलाला बापाच्या मारापासून वाचवतो आहोत. प्रत्यक्षात ती मदत आजाराला मिळत असते. पैसे द्यावयाचेच असतील तर हाती न देता फी, गाडीभाडे, औषधोपचार यांवर थेट खर्च करावेत, आणि घरात सर्वांना ठाऊक असावे.

डब्याविषयी: आपल्या घरात झोपेच्या, वेदनेच्या, फिट्सच्या गोळ्या किंवा कोडीनचे औषध असेल तर ते कुलपात ठेवा आणि दर रविवारी मोजून कॅलेंडरवर आकडा लिहा. हा नातवावरचा अविश्वास नव्हे. आपण दागिने कुलपात ठेवतो तेव्हा कोणावर आरोप करीत नाही. कर्करोगाने गेलेल्या माणसामागे मॉर्फिनच्या गोळ्या किंवा वेदनेचे पॅच घरात उरतात, त्याकडे दुःखात कोणाचेच लक्ष नसते. ते ज्या रुग्णालयाने दिले तेथे परत करावेत. डॉक्टरची जुनी चिठ्ठी मोबाइलमध्ये ठेवून वर्षभर वापरू नये, आणि गोळ्या आणण्यास नातवाला पाठवू नये.

आपल्याकडे हा प्रश्न किती मोठा आहे? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, १० ते ७५ वयोगटातील सुमारे १ कोटी १८ लाख भारतीय गुंगीची औषधे वैद्यकीय सल्ल्याविना घेत असल्याचे आढळले. म्हणजे शंभरात एकाहून थोडे अधिक. अशा व्यक्तींची संख्या सर्वाधिक असलेल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे. दारूचे आकडे याहून कितीतरी मोठे आहेत, आणि त्यावर या पाक्षिकात पुष्कळ लिहिले जाते. गोळ्यांना वास येत नाही, म्हणून त्या राहून जातात.

उपचारांविषयी दोन टोकांचे गैरसमज भेटतात. एक, की मनोनिग्रह असेल तर मूल घरच्या घरी सोडील. दुसरा, की त्याला कुठेतरी 'टाकल्याशिवाय' सुटका नाही. त्या मुलाला मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी आधी त्याला रुग्णालयात ठेवून अल्प्राझोलमऐवजी शरीरात अधिक काळ टिकणारे डायझेपाम दिले आणि त्याची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली. शरीर मोकळे करण्याचे हे काम काही आठवड्यांचे. मनाचे काम त्यानंतर सुरू होते आणि ते काही महिने, कधी वर्षे चालते: समुपदेशन, दिनक्रम, परीक्षेच्या ज्या भीतीने हे सुरू झाले तिच्यावर उपचार. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण सुरू केले, तेव्हापासून महाराष्ट्रात ही समज हळूहळू रुजली आहे की व्यसनी माणूस शिक्षेस पात्र नसून उपचारास पात्र आहे, आणि त्याच्याबरोबर घरालाही उपचार लागतात.

तरीही केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवावेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात. त्यानुसार अशा रुग्णाला साखळीने बांधणे पूर्णपणे निषिद्ध आहे. केंद्र शासनाकडे नोंदलेले आहे काय, मानसोपचारतज्ज्ञ नियमित येतात काय, नातेवाइकांना भेटू देतात काय, हे विचारण्याचा आपला अधिकार आहे. "महिनाभर कोणी भेटायचं नाही, आम्ही सरळ करतो" असे जेथे ऐकू येईल तेथून परत फिरावे. पोलिसांच्या भीतीने जे घर उपचार टाळते, त्याला हेही माहीत असावे की अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ नुसार, अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा वा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करीत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. डॉक्टरला खरे सांगितले म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. प्रथम फोनवरच बोलावयाचे असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेली-मानस'चा १४४१६ असे विनाशुल्क क्रमांक आहेत. घरच्यांनीही तेथे बोलावे.

राहिल्या आजी. पासष्टीनंतर या गोळ्या शक्यतो टाळाव्यात, असे वृद्धांसाठीच्या धोकादायक औषधांची 'बीअर्स' नावाची जी सुप्रसिद्ध यादी आहे ती सांगते. रात्री लघवीला उठताना तोल जाणे, खुब्याचे हाड मोडणे, दिवसा डोके जड राहणे आणि विसरणे, हे सर्व त्यांनी वाढते. म्हणजे जिला घर विसराळू म्हणत होते ती बाई ज्या गोळ्या चोरीला जात होत्या त्यांच्यामुळेच खरोखर विसराळू होण्याचा संभव होता. ही गोष्ट लक्षात आल्यावर मला हसूही आले आणि लाजही वाटली. वाचकांपैकी अनेक जण अशी गोळी वर्षानुवर्षे घेत असतील. हे वाचून आज रात्रीपासून ती सोडू नका, ही हात जोडून विनंती. आपल्या डॉक्टरांना विचारा. सर्वसाधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा पाच-दहा टक्क्यांनी कमी केली जाते. मध्ये त्रास झाला तर थांबावे लागते. सोबत दुपारची झोप अर्ध्या तासावर आणणे, चारनंतर चहा न घेणे, रोज ठरल्या वेळी उठणे, आणि झोप येत नसेल तर कूस बदलत न पडता उठून बसणे, एवढे करावे. म्हातारपणी झोप पातळ होते आणि लवकर मोडते, हा आजार नाही, हे मी आजींना सहा वर्षांपूर्वीच सांगावयास हवे होते.

आजींची गोळी सुटण्यास आठ महिने लागले. अर्धीची पाव करण्यासाठी नातवाने बाजारातून गोळी कापण्याची छोटी डबी आणली होती. तोच कापत असे, आजी कुलूप उघडत आणि सून वहीत लिहीत असे. व्यसनातून उठलेल्या मुलाच्या हाती ते काम द्यावे काय, यावर घरात वाद झाला आणि माझे मतही विरुद्ध होते. आजींनी कोणाचे ऐकले नाही. दिवाळीत तो एकदा घसरला. मित्राकडून आणलेल्या गोळ्या घेतल्या. यावेळी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच आजीला सांगितले. घसरणे हा या आजाराचा भागच आहे, हे वडिलांना पटवण्यात माझा एक पूर्ण रविवार गेला. एक विषय सुटला आहे, दोन राहिले आहेत.

परवा आजी खोकल्यासाठी आल्या होत्या. मी चिठ्ठी लिहीत असताना त्यांनी मान पुढे करून कागदावर पाहिले. "झोपेचं काही नाही ना त्यात?" मी नाही म्हणालो. त्यांना भ्रम झाला असे सर्वांनी, मीही, मानले होते, त्याबद्दल मी त्यांची क्षमा मागितली. वर्षभर ते मनात होते. त्यांनी ऐकून घेतले आणि पिशवीतून पासबुक काढून मला दाखवले.

"मिळालं परत," त्या म्हणाल्या. "पण काडेपेटी अजून सूनबाईकडेच आहे."